वैमानिक प्रशिक्षणासाठी परदेशातील उड्डाण संस्था निवडताना

बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळातल्या कुठल्या ना कुठल्या घरात हा विषय निघतोच. मुलाला किंवा मुलीला पायलट व्हायचे आहे, वापीला किंवा सुरतला एका हॉटेलात परदेशी शिक्षणाचे सेमिनार झाले आहे, तिथून चकचकीत पुस्तिका घरी आली आहे आणि ‘या महिन्यात पैसे भरले तर सवलत’ असा फोन रोज येतो आहे. मग कोणी तरी मंडळाच्या कार्यक्रमात बाजूला घेऊन विचारते, ‘दादा, ही शाळा कशी आहे हो?’

सिल्वासात आपली मागची पिढी आली ती कारखान्यांच्या निमित्ताने. आमली, मसाट, रखोली, खडोली इथल्या वसाहतींत शिफ्ट करून कोणी समरवर्णीला फ्लॅट घेतला, कोणी नरोली रस्त्याला प्लॉट. गावाकडे, म्हणजे धुळे, जळगाव, नाशिककडे, थोडी शेती उरली आहे. पायलटच्या प्रशिक्षणाचा खर्च सध्या साधारण पन्नास लाखांच्या पुढे जातो आणि तो भागवायचा तर याच दोन गोष्टींपैकी एक तारण पडते. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. ‘कोणती शाळा चांगली’ हा प्रश्न शेवटचा आहे. त्याच्या आधी मेडिकल, मग पेपर आणि मग शाळा, असा क्रम आहे. सेमिनारमध्ये नेमका उलटा क्रम सांगतात, कारण त्यांचे कमिशन शाळेच्या प्रवेशावर असते.

आधी मेडिकल

भारतात वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. सगळे त्याला डीजीसीए म्हणतात, आपणही तेच म्हणू. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना म्हणजे सीपीएल. त्यासाठी वय किमान १८ आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय लागतात. कॉमर्स किंवा आर्ट्स केलेल्यांनी हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देऊन पुढे गेल्याची भरपूर उदाहरणे आहेत. तेव्हा मुलाने कॉमर्स घेतले म्हणून दार बंद झाले असे समजू नये.

शारीरिक तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिली क्लास टू, ती डीजीसीएच्या यादीवरील डॉक्टर करतात. आपल्याला त्यासाठी मुंबईला जावे लागते. वापीहून पहाटेची फ्लाइंग राणी पकडली की दहाच्या सुमारास मुंबई सेंट्रल. दुसरी तपासणी क्लास वन. ती वायुसेनेच्या ठरावीक केंद्रांत आणि डीजीसीएने मान्य केलेल्या काही नागरी केंद्रांत होते, आणि तिची तारीख मिळायला वेळ लागू शकतो. डोळे, रंगांची ओळख, कान, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी, वजन असे सगळे पाहतात. चष्मा असला तरी चालतो, पण नंबर ठरलेल्या मर्यादेत हवा. रंगांधळेपणा मात्र बहुतेकांना आयुष्यात पहिल्यांदा इथेच कळतो.

अमेरिकेत किंवा कॅनडात शिकायला गेल्यावर तिथलेही मेडिकल द्यावे लागते आणि ते तुलनेने लवकर होते. त्याच्या जोरावर तिथला परवानाही मिळतो. पण भारतात परत आल्यावर डीजीसीएला हवे असते ते भारतीय क्लास वन. ते इथे नापास झाले तर तिकडच्या परवान्यावर भारतात नोकरी मिळत नाही. म्हणून क्लास वनचा कागद हाती येईपर्यंत कोणत्याही शाळेला एक रुपयाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘तात्पुरता अपात्र’ असा शेरा आला तरी घाबरायचे कारण नाही. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन अशा कारणांनी तो येतो आणि उपचारांनंतर पुन्हा तपासणी होते. मात्र त्यात काही महिने जातात, आणि ते महिने परदेशी शाळेच्या फीचे मीटर सुरू होण्याआधी गेलेले बरे.

पेपर इथेच द्यावेत

सीपीएलसाठी डीजीसीएचे लेखी पेपर आहेत: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. याशिवाय रेडिओवरून बोलण्याचा परवाना, आरटीआर. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आल्यानंतर ती डीजीसीएकडे आली. परीक्षेला बसण्याआधी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी होते. हे काम निकाल लागताच सुरू करावे.

परदेशी सीपीएल आधी घेऊन नंतर ती भारतात रूपांतरित करणाऱ्यांना नेव्हिगेशन व हवामानशास्त्राचा एकत्रित पेपर आणि रेग्युलेशन्सचा पेपर देण्याची सोय आहे. त्यामुळे ‘पेपरचे नंतर बघू, आधी उडून या’ असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. एक तर परत आल्यावर पेपर राहिले तर उडण्याचा सराव शिळा होतो, त्याचा फटका कसा बसतो ते पुढे येईलच. दुसरे म्हणजे नेव्हिगेशन आणि हवामान पक्के करून गेलेला मुलगा तिकडे पहिल्या दिवसापासून विमानात बसून शिकतो. तिकडच्या वर्गातला प्रत्येक तास डॉलरमध्ये मोजला जातो, इथल्या क्लासची फी रुपयांत असते. आणि तिसरे म्हणजे मुलाला खरोखर हे जमते का, आवडते का, हे या अभ्यासात सहा-आठ महिन्यांत कळते. नाही जमले तर नुकसान एक-दोन लाखांचे होते, घराचे होत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या पालकांना इंग्रजीची धास्ती असते. रेडिओवरची भाषा ठरावीक शब्दांची असते. ती शिकता येते आणि आपली मुले ती शिकतात. खरी अडचण पुस्तके वाचण्याच्या वेगाची असते. तेव्हा बारावीनंतरचे ते वर्ष त्यासाठीही उपयोगी पडते.

मग परदेशात जायचे कशासाठी?

हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारावा. भारतात चाळीसच्या आसपास मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण संस्था आहेत आणि त्यांतल्या काही आपल्या महाराष्ट्रात. तरीही मुले बाहेर जातात, कारण वेळ. इथे पावसाळ्यात उड्डाणे रखडतात, एका विमानामागे मुले जास्त, प्रशिक्षक कमी, काही ठिकाणी धावपट्टी एकच आणि तीही इतरांसोबत वाटून घ्यायची. अठरा महिन्यांचा कोर्स अडीच-तीन वर्षे चालल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. अमेरिकेतली चांगली शाळा तेच काम साधारण वर्षभरात करते. विमाने भरपूर, छोटे विमानतळ भरपूर, आणि ॲरिझोना-टेक्सास-फ्लोरिडासारख्या भागांत वर्षातले बरेच दिवस उडण्याजोगे.

पण ‘परदेशी परवाना म्हणजे वरचढ परवाना’ हा समज डोक्यातून काढावा. भारतीय विमान कंपनीत बसायचे तर दोघांनाही शेवटी डीजीसीएचाच परवाना लागतो. परदेशी प्रशिक्षणाचा खरा फायदा वेगाचा आहे. जी शाळा तो वेग देऊ शकत नाही, तिच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

दोनशे तासांचा हिशेब

भारतीय सीपीएलला एकूण २०० तास उड्डाण लागते. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. याला पीआयसी म्हणतात. त्या शंभरांतले १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. २० तास क्रॉस कंट्री पीआयसी आणि त्यात एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. १० तास इन्स्ट्रुमेंटचे, त्यातले ५ पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. रात्रीचे ५ तास आणि त्यात दहा वेळा उड्डाण व दहा वेळा उतरणे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवे असेल, आणि विमान कंपनीसाठी ते हवेच, तर त्याचे इन्स्ट्रुमेंटचे ४० तास आणि क्रॉस कंट्री पीआयसीचे ५० तास हा हिशेब वेगळा. शिवाय दोन इंजिनांच्या विमानावरचे प्रशिक्षण.

आता गंमत बघा. अमेरिकेचा नियामक एफएए. त्याच्या पार्ट १४१ या नियमाखालच्या शाळेत व्यावसायिक परवाना १९० तासांत मिळू शकतो. शाळेचे पॅकेज त्याच हिशेबाने बेतलेले असते. मुलगा १९० तासांचा परवाना घेऊन मायदेशी आला की दहा तास कमी. दुसरा घोळ पीआयसीच्या नोंदीचा. अमेरिकेत खासगी परवाना मिळाल्यानंतर प्रशिक्षक शेजारी बसलेला असताना विमान स्वतः चालवले तर काही वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. भारतात प्रशिक्षकासोबतचे तास ड्युअल धरतात. लॉगबुकात तिकडच्या पद्धतीने शंभर दिसणारे तास इकडे ऐंशीच भरले तर उरलेले वीस तास पुन्हा उडावे लागतात, तेही इथल्या एखाद्या संस्थेकडे रांगेत उभे राहून.

म्हणून शाळेला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ‘भारतीय डीजीसीएच्या गरजेप्रमाणे तासांचा तक्ता लेखी द्याल का?’ एकूण किती, सोलो किती, ड्युअल किती, क्रॉस कंट्री किती, रात्रीचे किती, दोन इंजिनांचे किती, सिम्युलेटरचे किती. ज्या शाळेने आधी भारतीय मुले घेतली आहेत ती हा तक्ता त्याच दिवशी पाठवते. जी ‘काळजी करू नका, सगळे होते’ असे म्हणते तिच्याकडून पुढे सगळेच राहते.

‘ही शाळा डीजीसीए-मान्य आहे’ असे एजंट छातीठोकपणे सांगतात, तेव्हा मान्यतेचा कागद मागावा. परदेशी शाळेला मान्यता लागते ती त्या देशाच्या नियामकाची: अमेरिकेत एफएए, कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडा, न्यूझीलंडमध्ये तिथली नागरी विमान वाहतूक यंत्रणा. डीजीसीए बघते ते हे, आणि तुमचे तास.

देशांविषयी

सर्वाधिक मुले अमेरिकेला जातात, म्हणून तिथले जास्त सांगतो. विद्यार्थी व्हिसासाठी शाळेला तिथल्या सरकारच्या एसईव्हीपी कार्यक्रमाची मान्यता हवी, तरच ती आय-२० हा कागद देऊ शकते. बहुतेक उड्डाण शाळा एम-१ व्हिसावर बोलावतात. त्या व्हिसावर शिकताना नोकरी करता येत नाही. ‘तिकडे जाऊन कमवेल आणि फी भरेल’ हे गणित इथेच सोडून द्यावे. शिक्षण पूर्ण झाल्यावर व्यावहारिक प्रशिक्षणाची परवानगी मिळू शकते, तीही चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने. एफ-१ व्हिसा देणाऱ्या काही संस्था आहेत, तिथले नियम वेगळे. यांशिवाय उड्डाण शिकणाऱ्या परदेशी नागरिकाची सुरक्षा पडताळणी होते, तीही मंजूर होईपर्यंत प्रशिक्षण सुरू होत नाही. मुंबईच्या वकिलातीची तारीख, ही पडताळणी आणि शाळेची प्रवेशतारीख यांचा मेळ आपल्यालाच घालावा लागतो.

कॅनडाचे नियम भारतीय गरजेला बरेच जवळचे आहेत. तिथेही २०० तास आणि त्यात १०० पीआयसी. पण हिवाळा लांब आणि २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षण कसदार मानले जाते. डोंगर, वारा, बदलते हवामान यांत शिकलेला मुलगा तयार होऊन येतो, फक्त वेळापत्रक त्याच हवामानाच्या हातात असते. दक्षिण आफ्रिका आणि फिलिपिन्स इथेही आपली मुले जातात, मुख्यतः खर्च कमी म्हणून. तिथे तासांची नोंद, व्हिसा आणि राहण्याची सुरक्षितता यांची चौकशी दुप्पट करावी.

घरबसल्या चौकशी

सिल्वासात बसून शाळा कशी तपासणार, असे लोक विचारतात. उलट आज हे काम सोपे आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक विमानाच्या शेपटीजवळ ‘एन’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. शाळेच्या छायाचित्रांत तो दिसतो. एफएएच्या संकेतस्थळावर तो टाकला की विमान कोणत्या साली बनले, कोणाच्या नावावर आहे हे कळते. पुस्तिकेत चाळीस विमाने आणि नावावर नऊ, असे आढळले तर उरलेली भाड्याची आहेत का, ते विचारा. भाड्याची असणे हा गुन्हा नाही, पण मालकाने उद्या काढून घेतली तर काय, हा प्रश्न उरतो. अपघातांची माहिती तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या नोंदीत कोणालाही पाहता येते. एसईव्हीपी मान्यता असलेल्या शाळांची यादीही सरकारी संकेतस्थळावर आहे.

मग शाळेत सध्या शिकणाऱ्या दोन-तीन भारतीय मुलांशी बोला. शाळेने दिलेल्या नावांवर थांबू नका, आपल्या ओळखीतून नावे काढा. मराठी मुले आता सगळीकडे भेटतात, एका फोनवर दुसऱ्याचा नंबर मिळतो. त्यांना ‘शाळा कशी आहे’ असे विचारू नका, कारण सगळे ‘छान आहे’ म्हणतात. विचारा: मागच्या महिन्यात तू किती तास उडालास? किती उड्डाणे विमान दुरुस्तीत असल्याने रद्द झाली? प्रशिक्षक किती वेळा बदलला? शेवटच्या चाचणीसाठी परीक्षकाची तारीख किती आठवड्यांनी मिळाली? अमेरिकेत परीक्षकांची टंचाई आहे. मुलगा चाचणीला तयार होऊन तारखेची वाट पाहत बसतो, भाडे चालू राहते, आणि हात बसलेला राहावा म्हणून अधूनमधून विमानही उडवावे लागते. हा खर्च कुठल्याच पुस्तिकेत नसतो.

प्रशिक्षक बदलण्याचे कारणही समजून घ्या. तिकडचे बरेच प्रशिक्षक स्वतःचे तास भरण्यासाठी शिकवतात. विमान कंपन्यांची भरती निघाली की ते जातात. नवा प्रशिक्षक आला की तो मुलाला पुन्हा पारखून घेतो, म्हणजे दोन-चार जादा तास.

मुलीला पाठवताना घरचे राहण्याच्या जागेची चौकशी जास्त करतात, ते योग्यच आहे. तेवढ्यावरून मुलीला अडवू नये, एवढे मात्र सांगावेसे वाटते. भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जगाच्या सरासरीपेक्षा ते कितीतरी जास्त आहे. १९८५ मध्ये पूर्ण महिला कर्मचाऱ्यांसह इंडियन एअरलाइन्सचे विमान नेले ते आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी.

पैसे कधी आणि किती

इथे मी घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या भाच्याने परदेशातल्या एका शाळेत प्रवेश घेतला. एकरकमी फी भरली तर सात टक्के सवलत होती. ताईंनी आणि दाजींनी धुळ्याकडची दोन एकर जमीन विकून सगळी रक्कम एकदम पाठवली. चार महिने सुरळीत गेले. मग शाळेची निम्मी विमाने दुरुस्तीला गेली. आठवड्याला पाच उड्डाणे होती ती दोनवर आली. शाळा सोडावी तर पैसे परत मिळण्याचे कलम करारात असे लिहिलेले, की हातात फारसे काही येणार नाही. राहावे तर घरभाडे, जेवण, गाडी यांचा खर्च डॉलरमध्ये. दहा महिन्यांचा कोर्स एकोणीस महिने चालला. आज तो नोकरीत आहे, पण वाचलेल्या सात टक्क्यांच्या तिप्पट पैसे राहण्या-खाण्यात गेले. पैसे टप्प्याटप्प्याने दिले असते तर चौथ्या महिन्यातच शाळा बदलता आली असती.

त्याची शाळा निदान चालू राहिली. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी साखळी एका दिवसात बंद पडली आणि आगाऊ फी भरलेले हजारो विद्यार्थी कर्जासह रस्त्यावर आले. २०२३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील टेसाइड एव्हिएशन ही जुनी शाळाही अशीच कोसळली. उड्डाण शाळा बुडण्यात परदेश-स्वदेश असा भेद नाही. इंधन, विमा, दुरुस्ती यांचा खर्च रोजचा, आणि तो बऱ्याचदा नव्या मुलांच्या आगाऊ फीमधून भागतो.

तेव्हा माझा आग्रह एकच आहे. जितके उडाल तितके भरा, किंवा फार तर दोन-तीन महिन्यांची रक्कम पुढे ठेवा. एकरकमी सवलत कितीही मोठी असो, घेऊ नका. जी शाळा टप्प्याने पैसे घ्यायलाच तयार नाही तिचे नाव यादीतून काढून टाका. व्हिसासाठी पूर्ण खर्चाची तरतूद दाखवावी लागते हे खरे, पण तरतूद दाखवणे आणि शाळेला देऊन टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोन्हींत जाणूनबुजून गोंधळ केला जातो.

दरपत्रक वाचताना तासाचा दर इंधनासह आहे का ते बघा. वेळ कोणत्या मीटरवर मोजतात ते विचारा. हॉब्स मीटर साधारणपणे इंजिन सुरू झाल्यापासून चालते, म्हणजे धावपट्टीच्या रांगेत उभे राहिलेलाही वेळ बिलात येतो. उड्डाणाआधीच्या आणि नंतरच्या चर्चेसाठी प्रशिक्षकाचे तास वेगळे लागतात का, परीक्षकाची फी कोणाकडे, चाचणीत नापास झाला तर पुढचे तास कोणत्या दराने, हे सगळे लेखी घ्या. पॅकेजमधले तास बहुधा किमान असतात. वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच बेत करा.

बँकेचे म्हणाल तर, एवढ्या रकमेच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतेच. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात ८०ई खाली आठ वर्षे वजावट मिळते, पण जुन्या कररचनेतच. परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. १० लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेला एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात आपल्या सीएला एकदा विचारावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएलचा समावेश आहे, मात्र ती भारतातल्या शिक्षणासाठी.

घराजवळचे पर्याय

परदेशाचा विचार करताना हे पर्याय निदान तोलून तरी बघावेत. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, विमानतळ प्राधिकरण आणि सीएई या कॅनेडियन कंपनीची भागीदारी. जुहूला १९२८ मध्ये सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब धुळ्याला प्रशिक्षण देतो. शिरपूरला एसव्हीकेएमची अकादमी आहे. आपल्यापैकी निम्म्यांचे गाव त्याच पट्ट्यातले, त्यामुळे राहण्याचा खर्च मामाच्या किंवा आजीच्या घरी भागतो. हा विनोद नाही, दोन वर्षांत तीन-चार लाखांचा फरक पडतो. बारामतीला प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाने मोठी संस्था उभारण्याचे जाहीर केले आहे. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी सरकारी आहे आणि तिथे प्रवेशपरीक्षा असते.

इथेही डोळे उघडे ठेवावेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीला एका संस्थेची दोन विमाने चार दिवसांच्या आत कोसळली आणि डीजीसीएने तिचे प्रशिक्षण थांबवले. मुले अडकली. २०२५ पासून डीजीसीएने संस्थांची श्रेणीवार यादी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सर्वात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. ती यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर बघून मगच पाय ठेवा.

विमान कंपन्यांचे स्वतःचे कॅडेट कार्यक्रमही आहेत. त्यांत आधी निवड होते, मग कंपनीने ठरवलेल्या शाळेत प्रशिक्षण. खर्च कोटीच्या घरात जातो. पण निवडीत बसलेल्या मुलाला पुढची वाट दिसते, हे त्याचे मोल आहे. करारात नोकरीची हमी कोणत्या शब्दांत आहे ते वकिलाकडून वाचून घ्यावे.

परत आल्यावर

परवाना मिळाला की डीजीसीए तो खरा आहे का, याची त्या देशाच्या नियामकाकडे खातरजमा करते. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक उघडकीस आले आणि अटका झाल्या, तेव्हापासून कागदांची छाननी कडक आहे. खातरजमेला वेळ लागतो. त्याच वेळी शेवटच्या सहा महिन्यांतल्या पंधरा तासांचे घड्याळ चालू असते. पेपर आधी देऊन गेलेला मुलगा या फेरीतून लवकर सुटतो. ज्याचे पेपर बाकी आहेत त्याचे सहा महिने उलटतात आणि मग इथे पुन्हा विमान भाड्याने घेऊन तास भरावे लागतात.

भारतीय परवाना हाती आला तरी लगेच नोकरी असे नसते. एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग साधारण पंधरा ते पंचवीस लाखांचे, आणि ते बहुधा स्वतःलाच करावे लागते. भरती लाटेसारखी येते. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकच रांगेत आले आणि नव्या मुलांना थांबावे लागले. कर्जाचा हप्ता सुरू होण्याची तारीख ठरवताना परवान्यानंतरचे निदान एक वर्ष धरून चालावे, आणि टाइप रेटिंगची रक्कम पहिल्याच बेतात वेगळी काढावी.

शेवटी, तिकडून निघण्याच्या आधीच्या आठवड्याचे काम. लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची बेरीज तपासून त्यावर शाळेच्या मुख्य प्रशिक्षकाची सही आणि शिक्का घ्यावा. शाळेच्या मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत, प्रत्येक चाचणीचा अहवाल, ज्या विमानांवर उडाला त्यांच्या नोंदी आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे पत्र शाळेच्या कागदावर घ्यावे. हे सगळे हातातल्या बॅगेत ठेवावे, सामानात टाकू नये. विमान सुटल्यावर एका सहीसाठी शाळेला पाठवलेल्या ईमेलला उत्तर यायला किती दिवस लागतात, ते माझ्या भाच्याला विचारा.